दुसऱ्या मुलीची नोंद

३ फेब्रुवारी

नोंदणीच्या खिडकीवर आज आरडाओरडा. एक बाई दोन मुलींना घेऊन आली होती. दोघी आठ महिन्यांच्या — एक कडेवर, एक बाबागाडीत. जन्माचा दाखला एकीचाच निघाला. दुसरी आमच्या प्रसूतिगृहात जन्मलीच नाही, असं संगणक म्हणतो. बाई आधी हसली. मग रडायला लागली.

वर्षातली ही तिसरी वेळ. अधीक्षकांनी सगळ्यांसमोर नोंदणीवाल्या ताईंना झापलं. "झोपा काढता का?" ताई म्हणाल्या, "दोन्ही टाकल्या होत्या मी. माझ्या हातांनी."

"मग गेली कुठे? उंदरांनी खाल्ली?"

नंतर मला, संगणक सांभाळतो म्हणून, आत बोलावलं. डेटाबेसमध्ये कोण, कधी, काय बदलतं ते टिपून ठेवायची सोय करा. महिनाअखेरपर्यंत दुसरं कुणी सापडलं नाही तर ताई घरी.

मलाही वाटतं, विसरल्या असतील. तसं म्हणालो मात्र नाही.

५ फेब्रुवारी

लॉग सुरू केला. आता सर्व्हरला जो हात लावेल त्याचं खातं, वेळ आणि केलेलं काम एका फाइलीत उतरेल.

इथला सर्व्हर माझ्याआधीपासून सांभाळणारे मास्तर दिवसभर आठवत होते. शिकवलं त्यांनी कुणालाच नाही, मला सोडून. तरी सगळे मास्तर म्हणायचे. सर्व्हर तेव्हा तळघरात होता, धुलाईघराच्या शेजारी. भिंत कायम कोमट. साबणाचा वास, इस्त्रीचा वास. आत शिरले की मास्तर आधी सर्व्हरच्या कपाटाला तळहात लावायचे. समोर तापमापक होता! "असू दे. त्याला काय कळतंय." मग वहीत पेन्सिलीने लिहायचे — सुरू केला, बंद केला, अमक्याने हात लावला. तो आमचा लॉग. मी हसायचो.

तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. वही कुठे गेली कुणास ठाऊक.

६ फेब्रुवारी

फजिती! हौसेने सगळंच टिपायला लावलं होतं — बघणं, शोधणं, नुसतं उघडणंसुद्धा. दुपारपर्यंत डिस्क गच्च. नोंदणी दोन तास ठप्प.

जिन्यात ताई भेटल्या. "काय दादा, तुमचा हेर खाऊन खाऊन फुगला म्हणे!"

घरी जायची पाळी त्यांच्यावर आली आहे आणि चेष्टा माझी करतात. मला हसू आलं नाही.

आता फक्त बदल आणि पुसणं टिपायचं. फाइलही वेगळ्या डिस्कवर.

९ फेब्रुवारी

काही नाही.

१२ फेब्रुवारी

लॉगशी ताडून बघायला खात्यांची यादी काढली. त्यात मास्तर अजून आहेत.

ते गेले त्याच आठवड्यात खातं बंद करायला हवं होतं. तसा नियम आहे. केलं नाही. यादीत नाव दिसलं की बरं वाटायचं — जेवायला गेलेत, येतील. आजही तसंच ठेवलं.

ताई हल्ली प्रत्येक नोंद करून झाल्यावर ती कागदावरही उतरवतात. तारीख, आई, मुलगा की मुलगी. अक्षर शाळेतल्यासारखं, टपोरं. कागद मला दाखवला. "उद्या कुणी म्हणायला नको." डोळ्यांखाली काळं झालं आहे त्यांच्या.

१६ फेब्रुवारी

सकाळी लॉग उघडला. पहाटे चारला एक नोंद पुसली गेली. काल जन्मलेली मुलगी. खातं — मास्तरांचं.

अंगावर काटा आला. खोटं कशाला लिहू, क्षणभर आनंदही झाला.

मग उलगडलं. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक छोटं काम, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लिहिलं होतं. नोंदणीवाले घाईत बटण दोनदा दाबायचे, एकच बाळ दोनदा चढायचं. बाळाला तेव्हा नाव नसतं. म्हणून आईचं नाव, तारीख, मुलगा की मुलगी — तिन्ही सारखं असेल तर दुसरी नोंद पुसून टाकायची. रोज पहाटे, मास्तरांच्या खात्यातून, आपोआप. ते पहिल्यांदा धड चाललं त्या संध्याकाळी मास्तरांनी मला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पाजला. एरवी कधी खिशात हात घालायचे नाहीत!

जुन्या सर्व्हरबरोबर ते संपलं, असं मी धरून चाललो होतो. नव्यावर सगळं जसंच्या तसं उचलून आणलं होतं. मीच. आणि खातं जिवंत, म्हणून कामही जिवंत.

काल जुळ्या मुली झाल्या.

जुळ्यांतले बहीणभाऊ सुटायचे. दोन बहिणी किंवा दोन भाऊ असले की एक जायचं.

काम थांबवलं. मास्तरांचं खातं बंद केलं. कालची मुलगी परत चढवली. वरती जाऊन ताईंना सांगितलं. त्या कागदांचा गठ्ठा सरळ करत राहिल्या.

१७ फेब्रुवारी

अधीक्षक खूश. "सुटलो! मास्तरांनी लिहिलं, मास्तर गेले. अहवालात एवढंच टाका. ताईंचं प्रकरण बंद."

सोपं आहे. ताई वाचतात, मी वाचतो. मास्तरांना कोण काय करणार?

पण मास्तर तेव्हा म्हणाले होते, "जन्माची वेळही ताडून बघू." मी म्हणालो होतो, "वेळ कोण धड टाकतंय इथे? सोडा हो." त्यांनी सोडलं. दोन बाळं एका क्षणाला जन्मत नाहीत. वेळ ताडली असती तर एकही गेलं नसतं.

इतकी वर्षं ती संध्याकाळ मी चहासकट आठवत आलो. हे वाक्य तेवढं गाळून.

घरी हिला सांगितलं. म्हणाली, "मास्तर काय म्हणाले असते ते राहू दे. तू काय लिहिणार आहेस?"

१८ फेब्रुवारी

अहवाल दिला. माझं नाव घातलं. वेळेचंही लिहिलं.

अधीक्षकांनी चष्मा काढला. "हौस आहे तुम्हाला!"

जुन्या बॅकअपमधून शोधतो आहे. आजपर्यंत चौदा मुलं सापडली. थोरलं आता दहा वर्षांचं असेल.

२० फेब्रुवारी

ताई माझ्या खोलीत आल्या. मला वाटलं, आभार मानायला.

"किती वर्षं चालू होतं म्हणालात?"

"अकरा."

त्या खुर्चीवर बसल्या. "आणि मला इथे पाच झाली. मग माझ्याआधी खिडकीवर होत्या त्या बाई? त्यांनाही नोंदी गाळतात म्हणूनच काढलं होतं ना?"

आठवलं. चौकशी झाली होती. संगणकात दोष नाही, असं लेखी मागवलं होतं. पत्र फायलीत आहे. आत्ताच काढून पाहिलं. सही माझी.