‘इतर’ नावाचं गाव

नाना, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडायचंही मी विसरून गेले होते. या आठवड्यात मात्र चिडले. मला बातमी लिहायला शिकवलंत ते कशासाठी, असं वाटलं. मी इथे परदेशात एका वृत्तवाहिनीत जगभरच्या बातम्यांच्या दोन-दोन ओळी करते. तुम्ही पेपरात बघायचात त्या जिल्हा पानाचंच काम म्हणायचं, फक्त जिल्हा मोठा.

संध्याकाळी तुम्ही मला स्कूटरवर सीबीएसला, एसटी स्टँडवर न्यायचात. गावोगावचे वार्ताहर हाताने लिहिलेल्या बातम्या लखोट्यात घालून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे, आणि गाडी लागली की तुम्ही त्याच्या खिडकीखाली हात वर करून उभे. कागदांना डिझेलचा वास यायचा. निफाडकडे गारपीट झाली त्या दिवशी लखोट्यांचा ढीग होता आणि तुमच्या अंगात ताप, म्हणून मला, तुमच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, ऑफिसात शेजारी बसवून गावांची यादी उतरवायला लावलीत. मला कंटाळा आला. पाच-सहा नावं लिहिली आणि पुढे ठोकून दिलं, ‘व इतर गावे’. तापात तुम्ही न वाचताच पान छपाईला सोडलंत. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ पेपरची घडी घेऊन ऑफिसात आले. भांडले नाहीत. एवढंच विचारलं, “आमच्याकडं गारा पडल्याच नाय का?” तुम्ही त्यांना चहा पाजलात, गावाचं नाव नीट विचारून लिहून घेतलंत, आणि ते गेल्यावर मला भिंतीवरच्या नकाशापुढे उभं केलंत. “इतर नावाचं गाव दाखव. मी उद्याच जाऊन येतो.” सगळं ऑफिस ऐकत होतं. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

गेल्या आठवड्यात इथल्या समुद्रकाठच्या एका गावाला वणव्याने गाठलं. सुट्टीला श्रीमंत लोक जातात तसलं गाव. आमची माणसं तिथून दिवसभर थेट बोलत होती. एका बाईंचे घोडे सापडत नव्हते. दर तासाला त्या रडायच्या, आणि त्या घोड्यांची नावं मला पाठ झाली, नाना. वाईट वाटलंच, ज्याचं जळतं त्याचं जळतंच. पण त्याच दुपारी आपल्याच जिल्ह्यातल्या पेठच्या बाजूची बातमी आली. पाऊस थांबत नव्हता, डोंगर खचला, खाली वस्ती. बातमीत गावाचं नाव होतं. आत्याचं गाव. पण बुलेटिन तोंडावर होतं आणि त्या बातमीच्या वाट्याला एकच ओळ. मी लिहिलं, ‘भारतातही काही भागांत पावसाचे बळी.’ नाव काढ असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते गाव आपल्या प्रेक्षकाला कुठे कळणार, हे वर्षानुवर्षं ऐकून माझं मलाच समजतं काय काढायचं ते. ओळ वाचली गेली आणि पुन्हा घोडे.

मग जिन्यात उभी राहून फोन लावत सुटले. लागला तो तिसऱ्या दिवशी. आत्या वाचली. तिची सून गेली. आत्याला धरून बाहेर आणलं आणि गोठ्यातली जनावरं सोडायला परत आत गेली ती गेलीच. मागे मी गावी गेले होते तेव्हा हीच सून आत्याला आंघोळ घालायची, वेणी घालायची. आत्या रडत नव्हती. तिने विचारलं, “तुमच्या तिकडं सांगितलं का गं? तिचं नाव घेतलं?”

मी म्हटलं, “हो आत्या. गावासकट.”

शेजारी कोणी बसलं असावं, त्यांना ती सांगत होती ते मला ऐकू आलं. नाव घेतलं म्हणती तिकडं, पार परदेशात. मग मला म्हणाली, नाना कसा कात्रण पाठवायचा, तसं काहीतरी पाठव, भिंतीला लावते.

काय पाठवू? मी शोधलं, कुठेच तिचं काही छापलेलं नाही, आणि जिला एक शब्द घालता आला असता तिने तो काढला. मला आता या कामाचं काही वाटत नाही, सोडूनही काही उपयोग नाही; माझ्या खुर्चीवर जो बसेल तोही हेच लिहील. आज निदान तुम्हाला तरी कबूल करावं म्हणून बसले. हा लखोटा कुठल्या ड्रायव्हरकडे द्यायचा तेही कळत नाही, तेव्हा खणातच राहील. पण वरचं सगळं पुन्हा वाचलं आणि दिसलं, गावाचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. तिचंही नाही. घोड्यांची अजून पाठ आहेत.