आठच्या आधीचं दार

८ डिसेंबर

पुन्हा बेल! सातसुद्धा वाजले नव्हते. रघुवीरचा बोलण्याचा सराव चालू होता. चालू म्हणजे मी बोलत होते आणि तो माझ्या ओठांकडे बघत होता. दार उघडलं. स्नेहल. कडेवर सई, अर्धवट झोपेत, कानटोपी नाकापर्यंत आलेली.

"बाई, आजच्या दिवस घ्या. कंपनीची बस लवकर येते आता."

"आजच्या दिवस, हे तू रोज म्हणतेस."

"मग काय करू? शिफ्टच बदलली हाय!"

मूल माझ्या हातात, आणि बाई पळाली नाक्याकडे. मी उंबऱ्यात उभी. गेटवरची पाटी मी स्वतः रंगवली आहे — पाळणाघर, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. अक्षर वीतभर आहे. एमआयडीसीत यंत्रावरची इंग्रजी सूचना वाचणाऱ्या पोरींना माझं मराठी 'आठ' दिसत नाही?

आत आले तर रघुवीर भिंतीकडे तोंड करून पडलेला. सराव संपला.

९ डिसेंबर

आज रुचिरचा बाप अनिलही! दुकान उघडायचंय म्हणे लवकर. रुचिरला ओट्यावर उभं केलं, स्कूटर बंदसुद्धा केली नाही. एकीला घेतलं की दुसरा येणारच. हे मला कळायला हवं होतं.

११ डिसेंबर

डॉक्टर जुलैत म्हणाले होते — अर्धांगाच्या झटक्यानंतर पहिल्या वर्षात जेवढी वाचा परत येईल तेवढी येईल, पुढचं सांगता येत नाही. सकाळी मेंदू ताजा असतो, तेव्हा सराव घ्या, घर शांत ठेवा. म्हणून सकाळ रघुवीरची. बाकी सगळा दिवस मी जगाच्या पोरांची आहेच की!

दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं. 'पाणी' आलं. 'विनू' आलं, माझं नाव — त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग 'खिडकी'वर अडलो. तो 'खिकी' म्हणायचा. मी म्हणायचे, "खिडकी. ड. जीभ वर लाव. पुन्हा." तो पुन्हा 'खिकी'. "पुन्हा." एक दिवस त्याने ओठ मिटले, ते मिटलेच. तेव्हापासून शब्द नाही. पाणी हवं असलं तरी डाव्या हाताने तांब्या दाखवतो.

तीस वर्षं हा माझा नवरा माझ्या भाषणांना शेवटच्या रांगेत बसला. भाषण लांबलं की चष्मा काढायचा — आमची खूण. माझा आवाज महाडपासून पोलादपूरपर्यंत सगळ्यांनी ऐकला, आणि त्याचा परत यायच्या ऐन वेळी दारात स्नेहलची बेल!

नाही. हे बंद झालं पाहिजे.

१४ डिसेंबर

पालकांची सभा घेतली. अंगणात सतरंजी, चहा. उभी राहिले आणि बोलले. बऱ्याच दिवसांनी मनासारखं बोलले.

म्हटलं, बाईच्या कामाला वेळ नसते हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याशी मी जन्मभर भांडले. कारखान्याला भोंगा आहे, कचेरीला घड्याळ आहे, मग पोरं सांभाळणारीलाच का नाही? घरात होतं म्हणून ते काम नाही? शिफ्ट बदलली तर कंपनीच्या दारात जाऊन पाळणाघर मागा — मी येते तुमच्यापुढे. पण माझं दार आठलाच उघडेल. आठ म्हणजे आठ!

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात अनिलच्या! त्याला म्हटलं, "टाळ्या नकोत, उद्या आठला या." तो हसला, "येतो बाई, येतो. तुमच्यापुढं कोण बोलणार?"

स्नेहल टाळ्या वाजवत नव्हती. सगळे गेल्यावर कपबशा गोळा करायला थांबली. खाली बघत म्हणाली,

"एक विचारू? राग नाय ना येणार?"

"विचार."

"गेल्या वर्सी मार्चमधी तळ्यावर तुमी भाषणात सांगितलंत, बायांनो, उंबरा ओलांडा. ओलांडला. नवरा मुंबयला, सासू गावाला, मी कंपनीत. आता तुमीच दार लावून घेताय."

मी काहीतरी उत्तर दिलं. चांगलं होतं. ती नुसती "बरं" म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली.

१५ डिसेंबर

बेलचं बटण काल रात्रीच बंद केलं. सकाळी कडी दोनदा वाजली. मी उठले नाही. तिसऱ्यांदा वाजली नाही.

घर कसं शांत! रघुवीरने नाव सांगावं म्हणून चमचा धरला. त्याने खिडकीबाहेर ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. असं बघितलं की मीच चमचा खाली ठेवला.

१६ डिसेंबर

सराव सहाला. ओठ बंद. साडेसहाला मी वर.

वरची खोली पुरानंतर बांधली — पुन्हा पाणी आलं तर निदान पुस्तकं तरी वाचावीत. मागच्या दाराबाहेरून लोखंडी जिना, पाऊल ठेवलं की सगळ्या आळीला कळतं. रघुवीर काठी टेकत चार पावलं टाकतो, पण जिना त्याला चढवत नाही, म्हणून त्याची खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी. आता हेच ठरवलंय. तो बोलायचं नाही म्हणत असेल तर मी तीन जानेवारीच्या भाषणाची टिपणं काढते. आठला खाली.

१८ डिसेंबर

आठला खाली आले तर सई ओट्यावर हजर. पाय जुळवून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"कधी आलीस गं?"

"आत्ता."

"आई?"

"गेली."

सावित्री नदीवरून धुकं आलं होतं, समोरचं घर दिसत नव्हतं. तिचे हात हातात घेतले, तर गरम. म्हणजे खरंच आत्ता आली असणार. बघा! एकदा ठाम राहिलं की लोक वेळेवर येतात. अनिल तर आठच्या ठोक्याला.

२२ डिसेंबर

सईचं काहीतरी बिनसलंय. बाहुलीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत होती — "को... को... कोला... आला." मध्ये एवढं थांबायची की बाहुलीचीच दया यावी. आधी पोरगी धबधब्यासारखी बोलायची. "सई, नीट बोल. अडखळायचं नाही. कोल्हा. पुन्हा म्हण." तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले.

कुठे पाहिलंय मी हे?

बिस्किटांचा डबा रिकामा. परवाच भरला होता. रुचिरचं काम असणार.

२६ डिसेंबर

मुरारी दूध घालायला आला आणि भांडं पुढे करता करता म्हणाला, "बाय, त्या बारकीला उजाडायच्या आधी ओट्यावर कशाला बसवतेस? थंडी किती हाय!"

"कुठल्या बारकीला?"

"ती गो, कानटोपीवाली. मी रोज बघतो की. आई तिला ठेवते न् पळते."

दुपारी स्नेहलला फोन लावला. यंत्रांचा आवाज, ती ओरडून बोलत होती, मी ओरडून बोलत होते.

"चार वर्षांचं मूल उघड्यावर सोडतेस? गेटच्या बाहेर रस्ता आहे! कुत्री आहेत!"

"तुमचा ओटा हाय म्हणून सोडते. दुसरीकडं सोडली नसती."

"माझ्यावर भरवसा म्हणून?"

"मग कोणावर? दार नाय उघडलंत तरी घर तुमचंच हाय ना."

मी म्हटलं, हे चालणार नाही. बस सोड, साहेबाशी बोल, मी पत्र देते, मी स्वतः येते! ती म्हणाली, "साहेब पत्र घेईल न् उद्यापासून मला घेणार नाय." मग आवाज एकदम खाली आला. "ऱ्हाऊ द्या बाई. नवीन वर्साला सासूकडं पाठवते तिला. त्या सांभाळतील. मी रविवारी जाईन बघायला."

फोन ठेवला.

सासूचं घर पोलादपूरच्याही वर, डोंगरात. रस्ता संपल्यावर चालत. म्हातारीला मोतीबिंदू. पोर आईला आठवड्यातून एकदा भेटणार.

आणि मी बरोबर आहे! हेच तर कळत नाही — माझा एकही मुद्दा चुकीचा नाही.

२९ डिसेंबर

रघुवीरला सांगितलं. मला वाटलं, त्याला बरं वाटेल — सकाळी आता ओट्यावरही कोणी नसेल. "सई जाणार गावाला," म्हटलं.

त्याने पेला ढकलला. चहा सांडला, चादर भिजली. झटक्यानंतर पहिल्यांदा त्याला असा चिडलेला पाहिला. "काय झालं? सांग. प्रयत्न कर. एक शब्द!"

ओठ बंद. चष्मा काढून उशीवर ठेवला.

३१ डिसेंबर

चादर धुतली. खाटेखाली बिस्किटांचा चुरा आणि मुंग्या. भाषण अर्धंच झालंय.

२ जानेवारी

सगळं नीट लिहून काढते.

आज स्नेहलला गेटवरच गाठायचं ठरवलं होतं. काय बोलणार होते ठाऊक नाही. साडेसहाला वर गेले, पण टिपण उघडलंच नाही. थोड्या वेळाने उठले, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरले. दवाने लोखंड बर्फासारखं झालेलं.

ओट्यावर सईची चप्पल. पिशवी. सई नाही.

गेट उघडं. पुढचं काही आठवत नाही धड. "सई! सई!" करत नाक्यापर्यंत धावले, अनवाणी, साठी उलटलेली बाई. कंपनीची बस गेलेली. चहावाल्याला विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं. धुक्यात प्रत्येक गाडीचा दिवा अंगावर येत होता. मनात म्हणत होते — मी दार लावलं. आठ म्हणजे आठ. टाळ्या पडल्या होत्या.

परत आले ती दोन्ही हातांनी गेट धरत. आणि मग दिसलं, पुढचं दार नुसतं लोटलेलं. आतली कडी मी स्वतः घातली होती.

ढकललं.

सई खाटेवर. रघुवीरच्या शालीत गुंडाळलेली, हातात बिस्कीट. तो उशीला टेकून बसलेला, काठी दाराशी पडलेली. मला बघताच त्याचं तोंड मिटलं. डब्याचं झाकण लागावं तसं.

मी ओरडले. किती आणि काय, ते लिहीत नाही. पोरीवर, त्याच्यावर. सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

सई म्हणाली, "आजी, ओरडू नका ना. गोष्ट राहिली."

"कसली गोष्ट?"

"कोल्ह्याची. आजोबा सांगतात."

मी खाटेच्या कडेला बसले. म्हटलं, "बाळा, आजोबांना बोलता येत नाही गं."

तिला माझी चूक दुरुस्त करावीशी वाटली असावी. शांतपणे, मी पोरांना समजावते तशी, म्हणाली —

"येतं. तुम्ही वर गेल्यावर. जिना वाजला की मला बाहेर बसवतात."

३ जानेवारी

सकाळी वर गेले. अनवाणी खाली आले. खिडकीखाली भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"को... ला... खि... खिकीतून... बघतो."

मोठा थांबा. सई तशीच वाट बघत बसली.

"म... मग... विनू..."

"विनू कोण?"

"कों... कोंबडी."

सई खुदकन हसली. आणि तो हसला! आवाज करून हसला!

संध्याकाळचं भाषण पाच मिनिटांत संपवलं. कंपनीशी भांडण आहेच, ते मी करणार. पण आधी स्नेहलला फोन केला — सईला गावाला पाठवू नको, साडेसहाला आण. "काय झालं, बाई?" तिने विचारलं. मला वाक्य सापडेना.

दाराला कडी नाही घालायची. आणि उद्या जिना चढायचा तो जोरात, वाजवत.