ताग फुलात आला की गाडावा, याबाबत

मी, खाली वाकडी सही करणारी, नवऱ्यामागे एकटीने शेत राखलेली बाई, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. सही वाकडी, कारण मनगट दिराने मोडलं. डोकं शाबूत आहे.

१. उताराचं शेत मी स्वकष्टाने घेतलं. माती आंबट. तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम मुळांची टोकं जाळायचं, मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. ताग फुलात असताना हिरवाच गाडला, की तो कुजताना ते विष धरून ठेवतो आणि मुळं खाली उतरतात. हे मला पटलं, दिराला नाही. त्याला दोरासाठी ताग उभा हवा होता.

२. नांगर घातला त्या दिवशी दीर फावडं घेऊन आला. ट्रॅक्टरवाल्याला खाली ओढून त्याचे पुढचे दात पाडले. मी मध्ये पडले, तर फावडं माझ्या मनगटावर. "उभं पीक गाडतेस, वहिनी? थांब, तुलाच गाडतो!" म्हणत नांगराच्या तासात पडलेल्या माझ्यावर माती लोटू लागला मेला. नाकातोंडात माती गेली. तेव्हा त्याच्याच पोरीने ट्रॅक्टरवर ठेवलेली माझी पहार उचलून त्याच्या गुडघ्यात घातली. हाड मोडल्याचा आवाज ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

त्यानंतरचा मका माझ्या डोक्यावर गेला. दीर लंगडत बांधावर येऊन बघून गेला.

३. सबब शेत, विहीर व ती पहार पुतणीला. भांडीकुंडी जाऊबाईला, तिने त्या दिवशी आपल्या नवऱ्यादेखत माझं मातीने भरलेलं तोंड धुतलं होतं. दिराला त्याचं फावडं परत. दांड्यावरचा डाग माझा आहे, पुसू नये.

४. डॉक्टर म्हणतात, आता थोडेच दिवस. यंदाचा ताग अजून फुलात यायचाय. मी गेले की दीर दुखवट्याचं निमित्त करून नांगर थांबवील, ताग जून होईल, आणि हा कापून नेईल. पुतणीला विचारलं, "काय करशील गं?"

"काकू, आधी तुला न्यायला नको?"

मुळीच नको. फुलं दिसली की आधी ताग गाड, मग मला न्या. बाप आडवा आला, तर त्याचा दुसरा गुडघा आहेच.

साक्षीदार: ट्रॅक्टरवाला (दात नाहीत, तरी साक्ष स्पष्ट देईल). मनगट बांधणारा कंपाउंडर.
ठिकाण: माझं स्वयंपाकघर.
तारीख: ताग कमरेला लागला तो दिवस.
सही: वर सांगितली तशीच.