मागच्या खोलीतली अनुत्पादक बाई

चि. धाकट्यास,

तुझ्या थोरल्या ताईचा भरघोस आशीर्वाद. आशीर्वाद तेवढा माझा, अक्षर नातीचं; मी सांगते, ती लिहिते आहे. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही ठीक आहेत, जीव मात्र मेटाकुटीला आला आहे. तू विचारलंस, की रस्त्याकडची खोली त्या दातांच्या डॉक्टरला भाड्याने देऊ का. अजिबात देऊ नकोस. दिवसभर लोक गाल धरून तुझ्या दारात कण्हत बसतील. हा झाला घरचा सल्ला. बाहेरून आणलेला कसा असतो, ते आता ऐक.

माझ्या लेकाने गाद्यांच्या दुकानासाठी सल्लागार नेमला. (तीस वर्षं गाद्या विकतोय, पण गिऱ्हाइकाला झोप हवी असते हे कुणीतरी टाय लावून सांगेपर्यंत त्याला पटेना.) हा गृहस्थ आला तोच भिंतीवर टांगायची चौकट घेऊन. आत त्याच्या धंद्यातल्या सचोटीचे बारा नियम, भोवती सोनेरी काठ. लेकाने ती दुकानात समोरच लावली, तिच्याकडे बघून दोनदा मान डोलावली. वाचली मात्र नाही. मग महाशय आठवडाभर टेप घेऊन घर मोजत हिंडले. मी पलंगावर बसलेली असताना माझ्या पायाखालून टेप नेली रे त्याने! (मी पाय उचलले, तिथेच चुकलं.) शेवटी अहवाल आला: मागची खोली अनुत्पादक आहे, तिथे कापूस पिंजायचं नवं यंत्र बसवावं. त्या अनुत्पादक खोलीत मी राहते. माझी सोय जिन्याखाली, जिथे सध्या छत्र्या राहतात. सून म्हणाली, आई, छत्र्या हलवू की आपण. तिचं मन मोठं आहे.

अहवालानंतर चौथ्या दिवशी सल्लागाराबरोबर यंत्र विकणारा आला. मला अक्षरं ओळखता येत नाहीत, पण कान येतात. त्याचे हे असे सुपाएवढे, वरून दुमडलेले, आणि डावा उजव्यापेक्षा जरा पुढे. सल्लागाराचे हुबेहूब तसेच. मी चहा पुढे करत सहज विचारलं, की तुम्हा दोघांत थोरला कोण? यंत्रवाला बिचारा भाबडा. म्हणाला, "मी, दोन वर्षांनी मोठा." सल्लागाराला जो ठसका लागला, तो पाठीवर थापट्या मारूनही थांबेना.

मग मी नातीला स्टुलावर चढवलं आणि चौकट मोठ्याने वाचायला लावली. पाचवा नियम निघाला: सल्ल्यात आपला किंवा आपल्या माणसांचा फायदा असेल, तर तो आधी उघड करावा. तीनदा वाचून घेतला. तर हा म्हणतो कसा, आजी, मला कुणी विचारलंच नाही! अरे, विचारल्यावरच सांगायचं होतं, तर त्यात 'आधी' कशाला घातलंस?

यंत्र रद्द झालं, दोघे भाऊ एकाच गाडीतून गेले. चौकट मात्र राहिली, लेकाच्याने ती काढवत नाही. आणि आता तो माझ्याशी बोलत नाही. म्हणतो, आई, तुला दुकानाची काळजी नव्हती, तुला तुझी खोली हवी होती. मग? मी कधी नाही म्हटलं? पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं होतं. पण उघड बोलणाऱ्या बाईला हट्टी म्हणतात, आणि गप्प बसणाऱ्या बाप्याला सल्लागार.

गुडघा शेकत जा.

तुझी, अजून तरी मागच्याच खोलीत असलेली,
ताई

ता. क. 'आजी, पाचवा नियम तुलाही लागू आहे,' असं नात लिहितालिहिता म्हणाली. तर उघड करते: डॉक्टरला ती खोली देऊ नकोस, कारण मला हवी आहे. लेकाचा रुसवा निघेपर्यंत. एक महिना.

आणखी ता. क. मामाआजोबा, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, आजीला वाचून दाखवणार नाही. ती 'आठ दिवस' म्हणाली होती. महिना मी केला. उघड करते: ती तुमच्याकडे असेपर्यंत मागची खोली मला मिळणार आहे.