खांद्यावरचे वळ

मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टरीणबाईंनी आज काहीच लपवलं नाही. स्तन लहान केले तर मानेपाठीचं दुखणं बहुधा कमी होईल. पण व्रण राहतील, संवेदना कमी होऊ शकते, काही आठवडे वजन उचलायचं नाही. आणि मूल झालं तर अंगावर पाजता येईलच असं नाही. हे आईसमोरच बोलल्या.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अगो, लग्न व्हायचंय तुझं. आधी गावी देवीला कौल लावू."

"आणि डावा पडला तर?"

"तर नाय करायचं."

मी तिला खांदा दाखवला. ब्राच्या पट्ट्यांचे वळ, बोट बसेल इतके खोल, शाळेत असल्यापासूनचे.

"माझेपण आहेत," ती म्हणाली.

"तू कुणाला विचारलं नाहीस?"

"असलं विचारायचं असतं, हे कुठे ठाऊक होतं?"

तिचे वळ मी कधी पाहिले कसे नाहीत?

दुधाचं मात्र डोक्यातून जात नाही. मूल हवं आहे का? हवं आहे. पाजता आलं नाही तर वाईट वाटेल. वाटू दे. वळ आज आहेत, मूल अजून नाही. ऑपरेशन करायचं.

आईला सांगितलं, कौल लाव, पण करू का, हे विचारायचं नाही. शिमग्याआधी की नंतर, एवढंच.

"देवीला पण बांधून घातलंस," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नंतरच कर. देवीची पालखी घरी येईल तेव्हा मला एकटीला आवरायचं नाय."

देवीला अजून कुणी विचारलेलं नाही.