दहा सेकंदांचं शेवाळ

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आमच्या गेमचा ट्रेलर पुढच्या शुक्रवारी. पहिली दहा सेकंदं नायकाच्या शरीराची की जंगलाची, ते आमच्या बॉस वांदाबाई सोमवारी ठरवणार. शरीर माझं. दोन वर्षं खपलोय. दंडावरची एकेक शीर हाताने काढली. जंगल शेजारच्या टेबलावरच्या ग्रात्स्यानचं. आज अख्खं ऑफिस त्याच्या शेवाळाभोवती गोळा. वांदाबाई म्हणाल्या, अगं बाई, हात फिरवावासा वाटतो! माझ्या नायकाला म्हणाल्या, इरेनेउश, हा चिखलातून चालतोय की दवाखान्याच्या फरशीवरून?
मला मत्सर मुळीच नाही. शेवाळ ते शेवाळच.

४ ऑक्टोबर, शनिवार
नायकाला आणखी दोन स्नायू दिले. चाल तीच. बायको म्हणाली, एकदा जंगलात चालून तरी बघ. म्हटलं, बोग्ना, माणसाचं शरीर मला तोंडपाठ आहे. ती म्हणाली, स्वतःचं सोडून.
ग्रात्स्यान दर रविवारी अळंबी शोधायला जातो. कुठे, ते सख्ख्या आईलाही सांगत नाही. शेवाळाचं गुपित तिथेच. उद्या पाठलाग.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ६.१०
बसमध्ये. त्याच्यामागे चार सीट सोडून. टोपी डोळ्यांवर. ओळखणं अशक्य. बूट ऑफिसचेच, पण पकड उत्तम.

दुपारी
बुटांना पकड नाही. शेवाळावरून आधी एक पाय गेला, मग दुसरा, मग मी ओहोळात. वर बघतो तर ग्रात्स्यान. हातात टोपली, फोन माझ्यावर रोखलेला. म्हणाला, काय इरेक, माझी अळंबीची जागा चोरतोस? पुरावा ठेवलाय बरं का! मी म्हटलं, शेवाळ बघायला आलो. पण अळंबीच्या जागा जिवापाड जपणाऱ्या आमच्या पोलंडात यावर कुणाचा विश्वास बसणार? तो हसून हसून खाली बसला. जागा विसरण्याच्या अटीवर अर्धी टोपली अळंबी दिली. बोग्नाने लोण्यात परतली, तोंड भरून कौतुक केलं. मी शिवलो नाही. थोडी खाल्ली.

६ ऑक्टोबर, सोमवार
मेल्याने व्हिडिओ ऑफिसात दाखवला. वांदाबाईंनी अकरा वेळा बघितला. म्हणाल्या, शरीराला वजन असतं ते असं! नायक असाच पडेल. म्हणजे दहा सेकंदं माझी. जिंकलो! ग्रात्स्यानची मला दया आली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
ट्रेलर आला. नायक घसरतो, हात फिरवतो, बदकन बसतो. स्नायू काढून टाकलेत. वांदाबाई म्हणाल्या, या पडण्याला पोटच हवं. असो. बोग्नाने पाहताक्षणी ओळखलं. ओरडली, अरे, हा तर तूच! पुन्हा लावला. आणखी एकदा लावला. मी कौतुकाची वाट बघत बसलो. तिने चित्र थांबवलं, पडद्याला नाक लावलं आणि विचारलं, काय रे, हे शेवाळ कुणी केलं?