कानातली शिट्टी आणि ह्यांचा रुमाल

मंगळवार, संध्याकाळ

कानातली शिट्टी अजून चालूच हाय. आज बीदरला तपासणी झाली. कपाळाला अन् कानामागं चिकट मलम लावून वायरी बसवल्या, डोळे मिटून पडायला सांगितलं. मशीनची टकटक जरा थांबली, तेव्हा हे तिथल्या मॅडमला हळूच म्हणाले, "नाटक करायलीय ती." मी डोळे उघडले न्हाईत.

मॅडम म्हणाल्या, कानापासून मेंदूपर्यंत आवाज नीट पोचायलाय, तरीबी शिट्टी खरी असू शकते.

बसमध्ये ह्यांनी रुमालानं माझं कपाळ पुसलं. "माझा इस्वास हाय तुझ्यावर."

कामून एवढं गोड? अजून कुणाकुणाला नाटक म्हणून सांगितलं असंल? कानामागं अजून चिकट लागायलंय.

मला बारीक आवाजबी ऐकू येतो, हे तपासणी संपल्यावर मॅडमनी ह्यांच्यासमोरच सांगितलं होतं की.